सध्या फार हेक्टिक आहे

पूर्वी मराठी माणसाला रस्त्यात गाठून ‘काय, कसं काय?’ असं विचारलं की ‘चाललंय आपलं’ एवढंच उत्तर यायचं. काय चाललंय, कुणाच्या जिवावर चाललंय, याचा त्यात पत्ता नसे, आणि विचारणाऱ्यालाही तो नकोच असे. दोघं आपापल्या वाटेनं निघून जात. आता तोच प्रश्न विचारून पाहा. समोरचा आधी खिशातून मोबाइल काढून त्याच्याकडे दुःखानं बघतो, मग तो परत खिशात ठेवतो, एक सुस्कारा सोडतो आणि म्हणतो, ‘विचारू नकोस बाबा. सध्या फार हेक्टिक आहे.’

‘विचारू नकोस’चा अर्थ ‘थांब, सांगतो’ असा होतो, हे मराठीत वाढलेल्या माणसाला सांगायला नको. पुढची वीस मिनिटं तो सांगतो. ज्याला श्वास घ्यायला फुरसत नाही, तो फुरसत नसल्याचं इतक्या फुरसतीनं कसं सांगू शकतो, हे विचारायचं नसतं. आपणही मान डोलवायची आणि आपली पाळी आली की म्हणायचं, ‘माझंही तेच रे. फार हेक्टिक.’ मग दोघं समाधानानं दुसरा चहा सांगतात.

हा शब्द हिंजवडीतल्या संगणकवाल्यांनी आणला असा लोकांचा समज आहे. आणलाही असेल, पण तो केव्हाच कुंपण ओलांडून गावभर झालाय. मुंबईत ‘जाम हेक्टिक’ असतं, कोल्हापुरात ‘लई हेक्टिक चाललंय बघ भावा’ असतं, नागपुरात ‘खूपच हेक्टिक होऊन राहिलं ना बे’ असतं. लग्नसराईत बँडवाला हेक्टिक असतो, मार्चअखेरीस बँकवाला, पितृपंधरवड्यात गुरुजी. आमच्या शेजारची दुसरीतली मुलगी शनिवारी स्विमिंग, अबॅकस आणि कथक उरकून घरी येते आणि सोफ्यावर अंग टाकत म्हणते, ‘मम्मा, माझं वीकेंडला फारच हेक्टिक होतं गं.’ तिच्या वयात आम्हाला दमल्यावर झोप येत असे. आता आधी शब्द येतो.

निवृत्त माणसांचं तर बोलायलाच नको. आमच्या सोसायटीत एक काका आहेत. पाटबंधारे खात्यात त्यांची हयात गेली, आणि नोकरीत असताना त्यांना कुणी घाईत पाहिल्याचं कुणाच्याच ऐकिवात नाही. आता मात्र त्यांना जिन्यात गाठणंही मुश्कील. सकाळी सहाला टेकडी. टेकडीवरून उतरल्यावर हास्यक्लब. तिथे ठरल्या वेळी हसून झालं की बँकेत जाऊन पासबुक भरून घेणं. पासबुकात काल भरलं त्याहून नवीन काही नसतं, पण ते नसल्याची खात्री करावी लागते. दुपारी ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक, तीत पुढची बैठक कधी घ्यायची यावर चर्चा. संध्याकाळी नातवाला क्लासला सोडणं, आणि तो क्लास सुटेपर्यंत कट्ट्यावर बसून देश चालवणं. नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्याचा व्याप वेगळाच. मागे म्हणाले, ‘नोव्हेंबर म्हणजे इतका हेक्टिक, की मरायलाही सवड नसते.’ जिवंत असल्याचं सिद्ध करण्याच्या महिन्यात मरायला सवड नसणं हे त्यांच्या सोयीचंच आहे, पण काका विनोदानं बोलत नव्हते.

कामाच्या गर्दीला मराठीत शब्द नव्हता म्हणून हा बाहेरून मागवावा लागला, असं कुणी म्हणालं तर त्याच्या मराठीच्या बाईंचं नाव विचारावं. लगबग, गडबड, धांदल, धावपळ, तारांबळ, त्रेधातिरपीट, घिसाडघाई, लगीनघाई, रगाडा, धबडगा, दगदग, यातायात, आटापिटा. आणि यातला एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. लगबग नीटनेटकी असते. पदर खोचून, हातात औक्षणाचं ताम्हन घेऊन ती होते. धांदलीत चष्मा कपाळावर असतो आणि घरभर शोधला जातो. घिसाडघाईत काम होतं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा करावं लागतं. रगाडा उपसायचा असतो आणि तो उपसून संपत नाही. दगदग काम चालू असताना कळत नाही, रात्री पाठ टेकल्यावर पोटऱ्या सांगतात. तारांबळीचं मूळ तर थेट बोहल्यावर आहे असं सांगतात. मुहूर्ताची घटका टळत आली, की भटजी चाल आवरती घेऊन ताराबल, चंद्रबल भराभर उरकू लागत, आणि त्या ताराबलाची पुढे तारांबळ झाली म्हणे. व्युत्पत्ती खरी असो नसो, मराठी लग्न पाहिलेल्या माणसाला ती लगेच पटते.

पण या शब्दांना एक खोड आहे. त्यांना धनी लागतो. ‘माझी धांदल उडाली’, ‘वहिनींची तारांबळ उडाली’, ‘साहेबांची भंबेरी उडाली’. कुणाची ते सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, आणि ज्याची उडाली त्याचं थोडं हसं होतंच. मराठी माणूस कामाच्या कचाट्यात सापडला की त्याचं काही ना काही उडतं, आणि बाकीचे मजेत वर बघत उभे राहतात. धांदल ही कबूल करायची गोष्ट आहे. तीत वेंधळेपणा आला, आयत्या वेळेपर्यंत केलेली टंगळमंगळ आली, ‘मग आधी काय झोपा काढत होतास?’ हा वडिलांचा सवाल आला.

हेक्टिकला धनीच नाही. ‘आज फार हेक्टिक आहे’ हे वाक्य ‘आज फार उकडतंय’ याच्या जातीचं. उकाड्याला जसा कुणी जबाबदार नसतो, तसा हेक्टिकलाही नसतो. ते कुठून तरी वरून येतं, बहुतेक हेड ऑफिसातून. आपण बिचारे त्यात सापडलेले, आणि सापडूनही उभे आहोत म्हणून थोडे शूरही. वडीलसुद्धा इथे निरुत्तर होतात. ‘आधी काय झोपा काढत होतास?’ हे हेक्टिकला विचारता येत नाही, कारण आधीही हेक्टिकच होतं. धांदल लपवायची असते आणि हेक्टिक मिरवायचं असतं. या एका सोयीसाठी आपण हा शब्द उचलला, असं माझं ठाम मत आहे.

तर ज्याला आपण एवढं मिरवतो तो शब्द मुळात काय होता, ते ऐका. जेवण झालं असेल तर बरं.

‘हेक्टिकोस’ हा ग्रीक शब्द. अर्थ सवयीचा, अंगात मुरलेला. ग्रीक वैद्यांनी तो तापाला लावला. येऊन-जाऊन असणारा ताप वेगळा आणि शरीरात बिऱ्हाड थाटून बसलेला ताप वेगळा. हा बिऱ्हाडकरू तो हेक्टिक. दुसऱ्या शतकातला वैद्य गेलन त्याच्याविषयी लिहून गेलाय. लॅटिन, फ्रेंच असे मुक्काम करत चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत उतरला आणि पुढची पाचशे वर्षं तिथे मुख्यतः क्षयरोगाच्या पदरी राहिला. रोग्याला सकाळी बरं वाटायचं. दिवेलागणीला कणकण सुरू व्हायची, गालांवर तांबडे ठिपके उमटायचे, रात्री घामानं अंथरूण ओलं व्हायचं, आणि माणूस दिवसागणिक वाळत जायचा. हा हेक्टिक ताप, आणि गालावरचा तो रंग म्हणजे हेक्टिक लाली. शेक्सपियरच्या नाटकात राजा क्लॉडियस आपल्या पुतण्याला, म्हणजे हॅम्लेटला, स्वतःच्या रक्तात चढलेल्या हेक्टिकची उपमा देतो. आमच्या ओळखीतल्या मॅनेजर मंडळींना हे वाचून वाटेल, की राजाचंही कॅलेंडर भरलेलं होतं. राजाला ताप म्हणायचं होतं.

बरं, ही लाली त्या काळी लोकांना आवडायचीसुद्धा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात क्षयाचं रूप फॅशनमध्ये होतं: फिकट काया, मोठे डोळे, गालावर तेवढा रंग. कवी कीट्स १८२१ साली रोममध्ये पंचविसाव्या वर्षी क्षयानं गेला, त्यानंतर तर या रोगाला काव्याचाच वास लागला. माणूस जितका बुद्धिमान, जितका हळवा, तितका त्याला क्षय लवकर धरतो, असं चांगली शिकलेली माणसं मानत. म्हणजे हेक्टिक असणं मोठेपणाचं लक्षण, ही कल्पना कार्पोरेटवाल्यांची नाहीच. ती त्यांना आयती मिळाली. पुढे २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यानं क्षयाचा जंतूच लोकांपुढे ठेवला आणि काव्य संपलं. जंतूला हळवेपणाशी देणंघेणं नव्हतं, तो चाळीत जास्त रमत होता. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी, १९०४च्या सुमारास, हा शब्द इंग्रजीत ‘तापल्यासारखी धावपळ’ या अर्थानं फिरू लागला. वैद्याकडून सुटला आणि ऑफिसात चिकटला.

इस्लामी वैद्यकात याच तापाला ‘दिक’ म्हणत. त्यावरून हिंदी-उर्दूत क्षयाचं नाव पडलं तपेदिक. आणि त्याच हिंदीत ‘दिक करना’ म्हणजे डोकं खाणे, भंडावून सोडणे. म्हणजे रात्री साडेदहाला ‘जरा एक मिनिट बोलायचं होतं’ असा मेसेज टाकणारा साहेब एकाच शब्दात दोन्ही प्रकारे बसतो.

आपल्याकडे याच रोगाला राजयक्ष्मा म्हणतात आणि तो पहिल्यांदा कुणाला झाला याची नोंद पुराणांनी ठेवली आहे. चंद्राला. दक्षाच्या सत्तावीस मुली, म्हणजे सत्तावीस नक्षत्रं, चंद्राच्या पदरात. रोज एकीच्या घरी मुक्काम, एकही सुट्टी नाही, रजेचा अर्ज करायला वरिष्ठ नाही. असं वेळापत्रक आजच्या सेल्समनलासुद्धा कुणी देणार नाही. शेवटी व्हायचं तेच झालं. चंद्र रोहिणीच्या घरी बसून राहू लागला आणि बाकीच्या सव्वीस शाखांतून तक्रारी वर गेल्या. दक्षानं शाप दिला, चंद्राला क्षय लागला, तो झिजत चालला. मग देवांनी मध्यस्थी केली, प्रभासतीर्थावर स्नान झालं आणि तडजोड ठरली, की पंधरा दिवस झिजायचं आणि पंधरा दिवस भरून यायचं. हेक्टिक वेळापत्रकापायी हेक्टिक ताप ओढवून घेतलेला हा पहिला इसम. पंधरा दिवसांची भरपाई पदरात पाडून घेणारा मात्र तोच शेवटचा.

चरकसंहितेनं तर कमाल केली आहे. निदानस्थानात राजयक्ष्म्याची चार कारणं दिली आहेत: साहस, संधारण, क्षय आणि विषमाशन. वाचताना मला राहून राहून वाटत होतं, की चरकाचा कुणी जवळचा नातेवाईक बाणेरला नोकरीला असणार.

साहस म्हणजे ताकदीबाहेरचं काम. आपल्याहून दांडग्याशी कुस्ती, न पेलणारं धनुष्य ओढणं, अवजड ओझं वाहणं, लांबवर पोहत जाणं, आणि, हे चरकानं खास घातलंय, प्रमाणाबाहेर बोलणं. शेवटचं कारण वाचून दिवसातून आठ कॉल घेणाऱ्यांनी घोटभर पाणी प्यावं. क्षय म्हणजे शोक, चिंता, मत्सर, भय, क्रोध यांनी आतल्या आत होणारी झीज. याला हल्ली अप्रेझलचा महिना म्हणतात. विषमाशन म्हणजे अवेळी आणि वेडंवाकडं खाणं. दुपारचा डबा चार वाजता एका हाताने खायचा, दुसरा हात माउसवर, आणि रात्री अकराला दारात बिर्याणीवाला.

पण माझं सगळ्यात आवडतं कारण संधारण. संधारण म्हणजे निसर्गाची हाक दाबून धरणं. ही चूक माणूस कुठे कुठे करतो, याची चरकानं यादी केली आहे: राजापाशी, मालकापाशी, गुरूच्या पायाशी, जुगाराच्या फडात, सभ्य लोकांच्या मेळाव्यात, बायकांच्या घोळक्यात आणि खाचखळग्यातून जाणाऱ्या वाहनात. का दाबतो? तर भीतीनं किंवा लाजेनं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं कल्याणहून सुटलेली जलद लोकल पाहिली नव्हती. खंडाळ्याच्या घाटात तुंबलेल्या शिवनेरीत तो बसला नव्हता. बॉसची ‘फक्त पाच मिनिटं’ची मीटिंग दीड तासाला भिडलेली असताना पायाची अढी घालून तो ‘येस सर, ॲब्सोल्यूटली सर’ म्हणत नव्हता. तरी यादीत एकही जागा सुटलेली नाही. क्षय जंतूनं होतो हे कॉखनं सिद्ध केलं आणि ते मान्यच आहे. पण आपली नोकरी कुणी नेमकी सांगितली असेल तर ती चरकानं.

हेक्टिकची इंग्रजी भावंडंही फारशी चांगल्या घरची नाहीत. ‘हसल’ घ्या. तरुण मुलं हा शब्द टी-शर्टावर छापून घेतात, एक नोकरी करून रात्री दुसरा उद्योग करतात आणि त्याला ‘साइड हसल’ म्हणतात. मूळ डच शब्दाचा अर्थ हलवणे, खुळखुळवणे. टोपीत नाणी खुळखुळवून खेळायचा जुगार त्या नावानं चाले. पुढे अर्थ झाला धक्काबुक्की. अमेरिकेत पोचल्यावर झाला गिऱ्हाइकाला गंडवणे. १९६१ साली पॉल न्यूमनचा ‘द हसलर’ हा सिनेमा आला, त्यात नायक बिलियर्डच्या टेबलावर चेंडू ढोसून लोकांचे खिसे हलके करतो. तेव्हा एखाद्या मुलानं छाती पुढे काढून ‘मी हसलर आहे’ असं सांगितलं, तर आपलं पाकीट जागेवर आहे ना ते आधी चाचपावं. दुसरा शब्द ‘बसल’. त्याचा अर्थ गजबज, लगबग. पण १८७०-८०च्या सुमारास इंग्रज बायका झग्याला मागून फुगवटा यावा म्हणून आतून जी उशी किंवा सांगाडा बांधत, तिचंही नाव बसलच. काम थोडं आणि फुगवटा मोठा असलेल्या माणसाला हा शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो.

देवघेव अगदीच एकतर्फी झाली असं मात्र नाही. आपल्याकडचा एक शब्द इंग्रजांनीही नेला होता, आणि तो निवडला मोठ्या चोखंदळपणे: खटपट. मराठीत नि गुजरातीत खटपट म्हणजे धडपड, उद्योग. पण खटपट्या म्हटलं की डोळ्यांपुढे सचिवालयाच्या जिन्यात कागदाची गुंडाळी घेऊन उभा असलेला माणूस येतो. बडोद्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल जेम्स औट्रम यानं १८५१ साली मुंबई सरकारला एक लांबलचक अहवाल धाडला. लाच देऊन आणि वशिला लावून मुंबईत कामं करून घेता येतात, अशी बडोद्यात सगळ्यांची समजूत आहे, आणि या प्रकाराला इथे ‘खटपट’ म्हणतात, असा त्याचा सारांश. हा शब्द लंडनच्या सरकारी कागदांपर्यंत गेला. मुंबई सरकारनं अहवाल वाचून तत्परतेनं कारवाई केली, म्हणजे औट्रमला बडोद्याहून हलवलं. खटपट उघडी करणाऱ्याचीच जागा जाते हे पाहिल्यावर, अहवालात अतिशयोक्ती नसावी असं वाटतं. तर त्यांनी आपली खटपट नेली आणि बदल्यात क्षयाचा ताप दिला. सौदा त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं झाला.

आता अलीकडचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी एक असलेले नारायण मूर्ती म्हणाले, की देशातल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांची ९० तासांची सूचना बाहेर आली. रविवारी घरी बसून माणूस बायकोकडे किती वेळ टक लावून बघणार, अशी त्यांची रास्त काळजी होती. यावर घरोघरच्या बायकांनी काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही, पण ‘आमच्याकडे बघायला यांना वेळ होता कधी?’ हा त्याचा सौम्य भाग.

हा रविवार मुंबईला असाच मिळालेला नाही. गिरण्यांमधली माणसं सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत साच्यावर उभी असत आणि आठवड्याला हक्काची सुट्टी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षं अर्ज केले, सभा घेतल्या. रविवार हा खंडोबाचा वार, आणि एक दिवस माणसानं समाजाच्या कामालाही दिला पाहिजे, असं ते मांडत. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या माणसांना फुप्फुसात कापूस जाऊन खोकला लागे, आणि दहा बाय दहाच्या खोलीत खराखुरा हेक्टिक तापही येई. त्यांच्यापैकी कुणी ‘माझं हेक्टिक चाललंय’ असं म्हटल्याचं आढळत नाही. ते म्हणायला बसायला जागा लागते, आणि शक्यतो एसी.

या शब्दाची खरी ताकद मला दाखवली ती आमच्या आत्यानं. आत्या कोथरूडला राहते. माझा चुलतभाऊ नोकरीला लागला तेव्हा घर मिळेपर्यंत तिच्याकडे होता. होळीचा दिवस. हा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. ऑफिसच्या चॅटमध्ये आपल्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होऊ नये म्हणून अधूनमधून तर्जनीनं माउस हलवत होता, आणि दुसऱ्या हातानं मोबाइलवर क्रिकेट बघत होता. आत्या त्याच्या पाठीमागे ओट्याशी. डाळ शिजवून कट काढून झाला होता, पुरण यंत्रातून फिरवून झालं होतं, कटाच्या आमटीला उकळी फुटत होती, पोळी लाटता लाटता ती आतोबांना बी.पी.च्या गोळीची आठवण करत होती. तेवढ्यात सिलिंडर संपला. तिनं चिमट्यानं तव्यावरची पोळी उचलली, पायानं रिकामा सिलिंडर ढकलला, भरलेला पुढे ओढला, रेग्युलेटर बसवला, आणि पोळी परत टाकली. पोळी फुटली नाही.

‘आत्या,’ चुलतभाऊ मान वर न करता म्हणाला, ‘आज माझं एवढं हेक्टिक आहे ना!’

‘हो का रे?’ आत्या म्हणाली. ‘मग आधी दोन घास खाऊन घे.’

त्याच संध्याकाळी आतोबांच्या बहिणीचा फोन आला. दोन दिवसांनी त्यांच्याकडे सत्यनारायण होता आणि आत्यानं सकाळपासून यावं असा आग्रह होता. या वन्संना ‘जमणार नाही’ हे पस्तीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. ‘काम आहे’ म्हटलं की त्या विचारतात, ‘घरातच असतेस ना, कसलं गं काम?’ आणि मग ते काम काय, ते आदल्या दिवशी का नाही होणार, ते आतोबा का नाही करणार, अशी साक्ष निघते. आत्यानं फोन कानाला लावला, टेबलाकडे एकवार बघितलं आणि म्हणाली, ‘नाही हो वन्सं, यायला फार आवडलं असतं. पण या आठवड्यात माझं फारच हेक्टिक आहे.’

पलीकडे क्षणभर काही नाही. मग वन्सं म्हणाल्या, ‘अगं बाई! मग राहू दे हो. तब्येतीला जप.’

प्रसादाचा डबा त्यांनी घरपोच पाठवला. तेव्हापासून आत्या हा शब्द भिशीला, वर्गणीला आणि विम्याच्या एजंटला सर्रास वापरते. कसलं हेक्टिक, असं तिला आजवर कुणीही विचारलेलं नाही.

तेवढंच आपण विचारायला हवं, असं मला वाटतं. यापुढे कुणी सुस्कारा सोडून ‘सध्या फार हेक्टिक आहे’ म्हणाला, की मान डोलवू नका. धांदल आहे, दगदग आहे, रगाडा आहे, की नुसती उठाठेव आहे, ते विचारा. बहुतेकांना सांगता येणार नाही आणि तुमची वीस मिनिटं वाचतील. तरीही तो ‘नाही रे, खरंच हेक्टिक आहे’ म्हणून हटून बसला, तर आवाज मऊ करून चौकशी करा: संध्याकाळी कणकण येते का, रात्री घाम सुटतो का, वजन उतरतंय का. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सांगून ठेवा, सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट मिळतात.